आतड्याला पीळ

कुत्र्याचं पोट आपल्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही, असं डॉक्टर स्वतःच सगळ्यांना सांगायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्यांनी पाहिलेलं प्रत्येक पोट मेलेल्या कुत्र्याचं होतं. जनावरांच्या कॉलेजात ते पॅथॉलॉजी शिकवायचे. म्हणजे जनावर गेलं, की ते का गेलं हे उघडून पाहायचं आणि पोरांना दाखवायचं. गाय येवो नाहीतर मांजर, समोरचा चहा गार व्हायच्या आत डॉक्टर कारण सांगून मोकळे. त्यांच्या पेशंटने कधी कुरकुर केली नव्हती, त्यांच्या औषधाने कुणी दगावलं नव्हतं, आणि त्यांना सोडून दुसऱ्या डॉक्टरकडे तर एकही पेशंट गेला नव्हता. इतकी वर्षं इतका बिनबोभाट धंदा केल्यावर माणसाच्या मानेत ताठा येणारच.

म्हणून ताईला लेकीचं नवं घर लावून द्यायला महिनाभर जायचं ठरलं आणि भोपळ्याला कुठे ठेवू या चिंतेत ती पडली, तेव्हा डॉक्टर पटकन बोलून गेले, "माझ्याकडे ठेव. त्याच्या पोटात काय चाललंय ते त्याच्याआधी मला कळेल."

ताई म्हणजे डॉक्टरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच यांना न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. डॉक्टरांनी पन्नाशी ओलांडली, वजनानेही बरंच काही ओलांडलं, तरी ती त्यांना बारक्याच म्हणायची. भोपळ्या हा तिचा कुत्रा. बुटका, गोलमटोल, चालताना पोट जमिनीला विचारत विचारत पुढे जाणारा. भावोजी गेल्यापासून ताईच्या घरात तिचं बोलणं ऐकून घेणारं तेवढंच कुणी उरलं होतं. तिने साखळी डॉक्टरांच्या हातात दिली खरी, पण दारात घुटमळली.

"बारक्या, तुझ्याकडे जिवंत असं काही टिकत नाही रे," ती म्हणाली. "मासे गेले, पोपट गेला, कुंडीतलं झाडसुद्धा गेलं. याला तेवढं धड परत दे."

डॉक्टर हसले, पण बोल लागायचा तो लागलाच. तिची रिक्षा वळेपर्यंत त्यांनी मनाशी पक्कं केलं, की या वेळी ताईला दाखवूनच द्यायचं.

पहिले काही दिवस भोपळ्याची चंगळ झाली. ताईने बजावलं होतं, सकाळ-संध्याकाळ मूठभर, जास्त नाही. सकाळी डॉक्टर मूठभर घालून फिरायला जायचे. मागून बायको उठायची, रिकामी ताटली आणि भोपळ्याचा चेहरा पाहायची, आणि बिचारा उपाशी आहे म्हणून आणखी मूठभर घालायची. संध्याकाळी ती आधी आणि हे मागून. शिवाय शेजारच्या आजोबांची बिस्किटं कुंपणावरून यायची ती वेगळीच. भोपळ्याने यातलं कुणाचंही मन मोडलं नाही. व्हायचं तेच झालं. एका सकाळी बायको बाहेरच्या खोलीत पाऊल टाकते तो काय, पाऊल टाकायला जागाच नव्हती.

बायको नाकाला पदर लावून म्हणाली, की आत्ताच्या आत्ता कॉलेजच्या दवाखान्यात न्या याला. साधी गोष्ट होती. गोळी मिळाली असती, एक दिवस लंघन झालं असतं, विषय संपला असता. पण दवाखान्यात मॅडम होत्या.

या मॅडम जिवंत जनावरांच्या. अंगणाच्या या टोकाला त्यांचा दवाखाना, त्या टोकाला डॉक्टरांची पोस्टमॉर्टेमची शेड. मॅडमच्या हातून एखादं जनावर वाचलं नाही, की ते अंगण ओलांडून डॉक्टरांच्या टेबलावर यायचं, आणि मॅडमना काय दिसलं नव्हतं ते डॉक्टर चिमट्यात धरून दाखवायचे. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण स्टाफरूममध्ये भर चहाच्या वेळी, "काय मॅडम, या आठवड्यात आमच्याकडे काही पाठवताय का?" असं विचारायची त्यांना खोड होती. असल्या माणसाने कुत्र्याच्या साध्या जुलाबासाठी त्यांच्या दारात उभं राहायचं? डॉक्टर बायकोला म्हणाले, की घरात एवढा पॅथॉलॉजिस्ट असताना दवाखाना कशाला हवा.

मग घराची लॅब झाली. शेडमधून पातळ रबरी हातमोज्यांची जोडी आली, झाकणाच्या बाटल्या आल्या. भोपळ्या अंगणात बसला रे बसला, की डॉक्टर हातमोजे चढवून मागे हजर. प्रत्येक खेपेचा नमुना बाटलीत, बाटलीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीसकट बाटली फ्रीजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी. बायकोने दूध शेजारी नेऊन ठेवलं. डॉक्टरांना जुलाबाची कारणं पाठ होती, वर्गात ती एका दमात म्हणून दाखवायचे. पण एकेक कारण घेऊन ते भोपळ्याकडे पाहायला लागले, की सगळीच लागू पडायची. मेलेल्या कुत्र्याच्या बाबतीत असा घोळ कधी होत नसे. तो बिचारा एका जागी पडून राहायचा आणि एकाच कारणाने मेलेला असायचा.

हातमोजे डॉक्टर साबणाने धुऊन गच्चीत, कपड्यांच्या बुटक्या स्टँडवर वाळत घालायचे. एका दुपारी पाहिलं तर उजवा होता, डावा नव्हता. डॉक्टर म्हणाले, तू भांडी घासायला घेतला असणार. बायको म्हणाली, तुमच्या त्या हातमोज्याला मी लांबूनही शिवणार नाही, वाऱ्याने गेला असेल. डॉक्टर म्हणाले, वारा काय फक्त डावे हातमोजे नेतो? यावरून संध्याकाळभर दोघांचं बोलणं बंद झालं. भोपळ्या दोघांच्या मधे पडून पंजे चाटत होता.

दुसऱ्या दिवसापासून जुलाब कमी झाले. पूर्वीसारखा पूर नाही, कुंथून कुंथून जरासंच पातळ. डॉक्टरांनी बायकोला बोलावून दाखवलं. "बघ, आटोक्यात आलंय. थोडं थोडं होतंय ना, म्हणजे वाट मोकळी आहे. वाट मोकळी असली की काळजी नाही."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. 'जुलाब होत आहेत म्हणजे आतडं मोकळं आहे असं समजणारा माझ्या विषयात पास होणार नाही,' हे वाक्य डॉक्टर दरवर्षी वर्गात फळ्यावर हात आपटून सांगायचे. अडथळा अर्धवट असला, तर पातळ तेवढं बाजूने झिरपत राहतं आणि बघणारा फसतो. पोरांच्या वह्यांमध्ये हे वाक्य खाली दोन रेघा मारून लिहिलेलं असायचं. पण पोरांना शिकवणं वेगळं, आणि ताईच्या कुत्र्याकडे बघून मनाची समजूत घालणं वेगळं.

त्या संध्याकाळी भोपळ्याने ताटलीकडे पाठ फिरवली. आजोबांनी बिस्किट दाखवलं, त्याने मान वळवली. मग तो ओकला. पाठीची कमान करून एका कोपऱ्यात उभा राहिला, तिथून दुसऱ्या कोपऱ्यात गेला, तिथूनही निघाला.  डॉक्टर त्याच्या मागून चालायला लागले. जेवणाच्या टेबलाभोवती एक फेरी, गच्चीपर्यंत, परत टेबलाभोवती. कोण कुणाच्या मागे चालतंय हे बायकोला कळेना. ती म्हणत होती, अहो बसा जरा. ते बसायचे आणि खुर्ची गरम व्हायच्या आत उठायचे. डोळ्यांसमोरून एकच चित्र हलेना. मागच्याच आठवड्यात टेबलावर आलेलं एक कुत्रं. आतडं पिळलेलं, काळंनिळं पडलेलं. तेव्हा त्यांनी पोरांना हौसेने दाखवलं होतं, की बघा, किती सुंदर केस आहे.

कशीबशी सकाळ झाली. भोपळ्या आता चालतही नव्हता. पीळच आहे, डॉक्टरांनी ठरवून टाकलं. म्हणजे हा जाणार. आणि ताई यायच्या आत गेला, तर ती जन्मात तोंड बघणार नाही. त्यांनी ताईला फोन लावला. ताई अंघोळीला गेली होती, फोन जावयाने उचलला.

"ताईला सांगा, आतड्याला पीळ पडलाय," डॉक्टर म्हणाले. गळा दाटून आला होता. "म्हणावं, असशील तशी निघून ये. उशीर झाला तर मग काही उपयोग नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

कुणाच्या आतड्याला, ते सांगायचं राहिलं. डॉक्टरांचा तरी काय दोष? पोस्टमॉर्टेमच्या शेडमध्ये वाक्याला कर्ता लावायची पद्धतच नाही. 'फुप्फुसात पाणी आहे', 'यकृत सुजलंय', एवढंच बोलायचं. कर्ता टेबलावर आडवा पडलेला असतो, सगळ्यांना दिसत असतो.

पण जावई शाळेत भाषा शिकवणारा होता. वाक्प्रचार सांगा आणि वाक्यात उपयोग करा, हे पोरांकडून करून घेण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याला वाक्प्रचार ऐकू आला, रोग ऐकूच आला नाही. ज्या मामांनी लग्नातसुद्धा 'हं' याच्या पुढे शब्द काढला नव्हता, त्या मामांचा गळा दाटलेला ऐकून त्याचेच डोळे भरून आले. रिकामी जागा भरायची तर हाताला सवयच. सासूबाई केस पुसत बाहेर आल्या, तेव्हा तो म्हणाला, "आई, मामांचा फोन होता. तुमच्या आठवणीने त्यांच्या आतड्याला पीळ पडलाय. असाल तशा या म्हणाले." ताई होती तिथेच मटकन बसली. तिने परत फोन लावला, तो कुणी उचलेना. रडत असेल, ती म्हणाली, आणि पिशवी भरायला घेतली.

फोन उचलायला डॉक्टरांचे हात मोकळे नव्हते. दोन्ही हातांत भोपळ्या होता. त्याला उराशी धरून, धापा टाकत ते कॉलेजच्या फाटकातून आत शिरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दवाखान्याकडे वळायचं होतं. पण पायांना ते कोण सांगणार? पाय इतक्या वर्षांच्या सवयीने शेडकडे वळले. शेडचा शिपाई टेबल पुसत होता. साहेब स्वतः कुत्रं घेऊन आलेत म्हटल्यावर त्याने लगबगीने ट्रे ओढला, पाण्याचा नळ सोडला आणि अदबीने विचारलं, "साहेब, लगेच घ्यायचा, की फ्रीजमध्ये ठेवू?"

भोपळ्याने मान उचलली आणि जेवढा जोर उरला होता तेवढा लावून त्याच्यावर भुंकला. शिपायाच्या हातून ट्रे पडला. इतक्या वर्षांत त्या टेबलाजवळ उलट उत्तर कुणी दिलं नव्हतं. डॉक्टर तसेच पळत अंगण ओलांडून दवाखान्यात गेले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग भोपळ्याकडे पाहिलं, आणि टेबलावर ठेवा म्हणाल्या. टोमणा मारला नाही. त्यांनी तो मारायला हवा होता, असं डॉक्टरांना वाटून गेलं.

"पीळ आहे," डॉक्टर म्हणाले.

"पोट दाबून पाहिलंत?"

"बाहेरून?" डॉक्टरांनी विचारलं. खरंच, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

मॅडमनी डोळे मिटून भोपळ्याच्या पोटावरून हळूहळू बोटं फिरवली, एका ठिकाणी थांबल्या. काहीतरी लांबट, गुंडाळी झालेलं लागत होतं. पीळ वाटत नाही, त्या म्हणाल्या, याने काहीतरी गिळलंय, उघडावं लागेल. 'उघडावं लागेल' हे शब्द डॉक्टरांनी हजारदा उच्चारले असतील, पण ऐकायची पाळी पहिल्यांदाच आली.  मॅडम म्हणाल्या, बाहेर बसा सर. पण बसवतंय कुणाला? दारातून आत, आतून दारात अशा त्यांच्या येरझाऱ्या बघून शेवटी मॅडमनीच त्यांना एक गाऊन दिला आणि भोपळ्याच्या डोक्याशी उभं केलं, म्हणजे एका जागी तरी राहतील. तिसऱ्या वर्षाची पोरं भिंतीला लागून उभी होती. सर जिवंत जनावराजवळ उभे आहेत, ही बातमी कॅन्टीनपर्यंत गेली होती.

पोट उघडलं. मॅडमनी आतडं हलकेच बाहेर घेतलं. गुलाबी, ओलं, वाफाळलेलं. आणि डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर त्याने एक वळसा घेतला, एक लहर इकडून तिकडे गेली.

"हे हलतंय," डॉक्टर म्हणाले.

"जिवंत आहे, म्हणून हलतंय," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर बघतच राहिले. आतड्यावर त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. ते हलतं हे त्यांना ठाऊकही होतं, पण विद्यार्थी असतानाच्या काळानंतर हलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी नकळत भोपळ्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मनातल्या मनात त्या आतड्याला म्हणाले, हलत राहा बाबा, थांबू नकोस.

तेवढ्यात भिंतीजवळच्या पोरांमधून एक मुलगी पुढे झाली. तिची शंका प्रामाणिक होती. "सर, अडथळा होता, तर मग याला जुलाब कसे होत होते?"

 मॅडमची कात्री क्षणभर थांबली. डॉक्टर खाली बघत म्हणाले, की अडथळा अर्धवट असला तर पातळ तेवढं बाजूने झिरपतं, आणि बघणारा फसतो.

"म्हणजे जो फसतो तो नापास ना, सर?" ती वहीत बघून म्हणाली.

डॉक्टर हं म्हणाले.

मॅडमनी चिमट्याने टोक पकडून ओढायला सुरुवात केली. आधी एक बोट आलं. मग दुसरं. मग उरलेली तीन अंगठ्यासकट आली. शेवटी मनगटाची कड आली, आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहिलेलं होतं, 'पॅथॉलॉजी'. डावा होता. मॅडमनी तो पाण्याने धुतला, झाकणाच्या बाटलीत घातला, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि टाके घालून झाल्यावर बाटली डॉक्टरांच्या हातात दिली.

"या आठवड्यात तुमच्याकडे एवढंच पाठवतेय," त्या म्हणाल्या. "पेशंट आम्हीच ठेवतो."

चिठ्ठीवर 'आजाराचे कारण' या शब्दांपुढे त्यांनी डॉक्टरांचं पद लिहिलं होतं. डॉक्टरांनी ते वाचलं, बाटली खिशात घातली आणि मॅडमना हात जोडले. मनापासून जोडले, हे मॅडमनाही दिसलं असावं, कारण त्यांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. दुपारपर्यंत भोपळ्याने डोळे उघडले. संध्याकाळी शेपटीचं टोक हललं. रात्रभर दवाखान्यात ठेवू, उद्या या, असं मॅडमनी सांगितलं, तेव्हा कुठे डॉक्टर घरी आले आणि बुटांसकट झोपले.

सकाळी बेल वाजली. दारात ताई. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, प्रवासाने पार शिणलेली. डॉक्टर काही बोलायच्या आत तिने पिशवी खाली टाकली आणि त्यांना मिठी मारली. या घराण्यात मिठी मारायची पद्धत नव्हती. डॉक्टर खांबासारखे उभे राहिले.

"आयुष्यभर मला वाटायचं, याला माझं काही नाही," ताई म्हणत होती. "तापात रात्र रात्र उशाशी बसले, कधी एक शब्द बोलला नाहीस. तुझे भावोजी गेले तेव्हा आलास, आणि पंख्याकडे बघत बसलास. आणि काल जावई म्हणाले, की माझ्या आठवणीने तुझ्या आतड्याला पीळ पडलाय. सगळा रस्ता रडत आले रे बारक्या."

डॉक्टरांना आधी काही उमगेना. मग फोनवरचं आपलं वाक्य आठवलं, आणि त्यातली रिकामी जागाही दिसली. मागे बायको उभी होती. ती डोळ्यांनी, भुवयांनी, सगळ्या चेहऱ्याने खुणा करत होती, की गप्प बसा. डॉक्टर गप्प बसलेही असते. पण ताईने डोळे पुसले, घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "भोपळ्या कुठाय?"

मग सांगावंच लागलं. जुलाब सांगितले, ओकाऱ्या सांगितल्या, ऑपरेशन सांगितलं. आता धोका नाही, शेपूट हलवतोय, हे तीनदा सांगितलं. ताई ऐकत चपलांच्या कपाटावर टेकली. जीव आहे ना त्याचा, एवढं तिने पुन्हा विचारून घेतलं. 

"म्हणजे तो पीळ भोपळ्याच्या आतड्याला पडला होता," ती शेवटी म्हणाली.

"नाही, पीळ नव्हताच," डॉक्टर म्हणाले. खरं ते सांगायची धंद्याची सवय. त्यांनी खिशातून बाटली काढून दाखवली. "हातमोजा होता."

ताईने बाटलीकडे पाहिलं आणि मान हलवली. रागावली नाही. रागावली असती, तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. ती नुसती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत आणि सोडवत बसली, आणि जरा हसून म्हणाली, की मी पण वेडीच, या वयात काय काय मनावर घेते.

ते हसू बघितलं मात्र, आणि डॉक्टरांना आत काहीतरी झालं. कुठे झालं ते त्यांना नेमकं कळलं, कारण तो भाग त्यांच्या अभ्यासाचा होता. टेबलावर पाहिलेली ती लहर आता त्यांच्याच आत इकडून तिकडे गेली. तापातल्या त्या रात्री, कपाळावरच्या ओल्या घड्या, ताईचा गार हात, सगळं एकदम वर आलं. बोलायला हवं होतं, आणि आत्ताच बोलायला हवं होतं. असलं कधी बोललेले नसल्याने ते दोन पावलं पुढे गेले, एक मागे आले, आणि पोटावर हात ठेवून, या वेळी कर्ता-कर्म सगळं नीट लावून म्हणाले,

"ताई, तुझ्याकडे बघून माझ्या पोटात कालवाकालव होतेय गं."

ताई ताडकन उठली. डोळ्यांतलं पाणी कुठल्या कुठे गेलं. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला, मनगट पाहिलं.

"कधीपासून?" तिने विचारलं. "किती वेळा झाले?"

"तसं नाही गं. म्हणजे मला म्हणायचंय..."

"काही म्हणू नकोस. त्या कुत्र्याचं हाताळून हात तरी धुतलेस का? जा, आडवा हो." आणि ती पदर खोचून स्वयंपाकघरात शिरलीसुद्धा. पाठोपाठ ग्लासात चमचा ढवळल्याचा आवाज आला.

डॉक्टर आडवे झाले. ताई उशाशी बसली, एक हात त्यांच्या कपाळावर ठेवून, दुसऱ्या हातात मीठ-साखरेच्या पाण्याचा ग्लास धरून. बायको दारात तोंडाला पदर लावून हसत होती. आपल्याला जुलाब झालेले नाहीत, हे सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण कपाळावरचा हात अजून तसाच गार होता.

त्यांनी ग्लास रिकामा केला, आणि आणखी थोडं दे म्हणाले.